आजोबांचा चेहरा भाड्याने मिळेल

महाराष्ट्रात १ जूनला जितकी माणसं जन्मली आहेत तितकी दुसऱ्या कुठल्याही दिवशी जन्मलेली नाहीत. हा ग्रहांचा योग नव्हे, गुरुजींचा आहे. शाळा जूनमध्ये भरायची. पोराला घेऊन आलेल्या बापाला विचारावं, हा कधीचा? तर बाप सांगणार, "मोठा पूर आला ना, त्या साली, आखाडात." गुरुजी एकदा बापाकडे बघायचे, एकदा पोराकडे, आणि रजिस्टरात १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्याआधी एक शास्त्रीय चाचणी असे. पोराने उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर पहिलीत, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. आजच्या भाषेत ही बायोमेट्रिक वयपडताळणी झाली, आणि तिच्यासाठी परदेशी कंपन्या डॉलरमध्ये बिल लावतात. गुरुजी ती फुकट करायचे. शिवाय पोराच्या कानाचा फोटो काढून जपून ठेवायचे नाहीत.

वय ही गोष्ट आपल्याकडे मुळातच सोयीची. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट. त्यामुळे बारावं संपून तेरावं लागलेलं पोरगं दोनतीन उन्हाळे तरी अकराचंच राहायचं. कंडक्टर जवळ आला की आई कोपराने ढोसायची, "वाकून बस." मिसरूड फुटलेलं ते अकरा वर्षांचं बालक गुडघे पोटाशी घेऊन खिडकीबाहेर बघायचं. कंडक्टर बालकाकडे बघायचा, आईच्या पिशवीकडे बघायचा, आणि बहुतेक वेळा अर्धं फाडायचा. पुढे २६ ऑगस्ट २०२२पासून राज्य सरकारने पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट केली आणि वारं फिरलं. जन्मभर वय चोरलेल्या आज्या एकदम आधार कार्ड नाचवत सांगू लागल्या, "पंच्याहत्तर पूर्ण! हे बघ, वाच."

दारूच्या बाबतीत तर आपला महाराष्ट्र अवघ्या जगाच्या पुढे होता. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याची परंपरा चालवत आपण आजही कडक दारूला पंचवीस वर्षं आणि बिअरला एकवीस वर्षं असा नेम ठेवून आहोत. पिण्याचा परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. म्हणून तर दारावर पाटी 'परमिट रूम'. त्या रूममध्ये परमिट बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय. वेटर चेहऱ्यावरून अंदाज घेतो. तो अंदाजही बहुधा पाकिटाचा असतो.

गुरुजी, कंडक्टर, वेटर. तिघांनीही आपलं वय तपासलं, तिघांशीही आपण थोडंफार खोटं बोललो, आणि तिघेही आपलं तोंड पुढच्या थांब्याला विसरून गेले. हा विसरण्याचा भाग फार महत्त्वाचा होता. तो आता सरला आहे.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत पोडियमवर एक मोठा फलक आहे : 'येथे चेंडूने खेळण्यास सक्त मनाई आहे.' पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचा दोनदा फुटल्यावर तो लागला. सायकलींचा फलक त्यानंतर लागला, आरडाओरड्याचा त्यानंतर. मग सगळी पोरं मोबाईल घेऊन पायऱ्यांवर बसली आणि गुपचूप दुसऱ्या जगात राहायला गेली. तिथे त्यांनी काय केलं? तर एक सोसायटी बांधली, पोडियम काढलं आणि त्याच्यावर क्रिकेट सुरू केलं. आमची नवी मुंबईही सिडकोने १९७०नंतर आधी कागदावर वसवली आणि मग खाडीकाठी उतरवली. तेव्हा आधी नकाशा आणि मग माणसं ही रीत इथल्या पोरांच्या रक्तातच असावी.

या आभासी जगांतलं सध्याचं सर्वांत गजबजलेलं गाव म्हणजे रोब्लॉक्स. दिवसाला दहा कोटींवर माणसं तिथे ये-जा करतात आणि त्यांतली पुष्कळशी अजून दुधाचे दात पाडणारी आहेत. एवढी मुलं जिथे जमतात तिथे मुलांच्या वाईटावर असलेली मोठी माणसंही पोचतात. हा प्रश्न खरा आहे, गंभीर आहे, त्यावर अमेरिकेत खटले चालू आहेत, आणि त्याची थट्टा करण्याचा माझा विचार नाही. थट्टा आहे ती उपायाची. नोव्हेंबर २०२५मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे गप्पा मारायच्या तर चेहरा दाखवून वय ठरवून घ्या. डिसेंबरात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समध्ये, आणि जानेवारी २०२६पासून इतरत्र हा नियम लागू झाला. कॅमेऱ्यासमोर मान डावी-उजवी फिरवायची. यंत्र तुम्हाला सहांपैकी एका गटात टाकतं : नऊच्या खालचे, नऊ ते बारा, तेरा ते पंधरा, सोळा-सतरा, अठरा ते वीस, आणि एकविसाच्या पुढचे सगळे एकाच कोठीत. एकविसाच्या पुढे माणसात बघण्यासारखं काही उरत नाही असं यंत्राचं मत दिसतं. आपल्या आसपासच्या गटातल्यांशीच बोलता येतं. चित्रं पर्सोना नावाची कंपनी तपासते आणि तपासून झाल्यावर पुसून टाकते, असं सांगण्यात आलं. थोड्याच दिवसांत बातम्या आल्या की पोरं तोंडावर पेनाने सुरकुत्या आणि दाढीचे खुंट काढून एकविसाच्या पुढे पोचली, आणि वय तपासून झालेली खाती बाजारात विकायला आली.

अशाच एका खेळात आमच्या विंगमधल्या पोरांवर हा प्रसंग ओढवला. खेळाचं नाव सांगत नाही, कारण तो खेळ चालवणाऱ्यांकडे वकील जास्त आहेत. जिन्याच्या चौथ्या मजल्यावरची ट्यूबलाइट चांगली म्हणून तपासणीचं केंद्र तिथे उघडलं. सातवीतला एक मुलगा भिंतीला पाठ लावून उभा. फोनमधून आज्ञा येतायत, चेहरा चौकटीत आणा, उजवीकडे वळा, आता डावीकडे. शेजारच्या काकू दूध घेऊन वर येत होत्या, त्या थबकल्या. "काय रे, मान आखडली का? आयोडेक्स देऊ?" त्याने तोंडातल्या तोंडात "गप्प बसा ना काकू" म्हटलं, आणि यंत्राने ते हलणारे ओठ बघून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी निकाल लागला. सातवीतला हा मुलगा नऊ वर्षांखालचा निघाला. त्याच्या मागे उभी असलेली त्याची दहा वर्षांची बहीण पंधराची निघाली. त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून भांड्यांचे आवाज येत होते.

त्यावर तोडगा निघाला तो आजोबांचा. आजोबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो आता मोबाईलसमोर चेहरा धरून देता येतो. आपण जिवंत आहोत हे कॅमेऱ्याला पटवून देण्याचा जो अनुभव आजोबांच्या गाठीशी आहे तो विंगमध्ये दुसऱ्या कोणाकडे नाही. डोळे मिटा म्हटलं की मिटायचे, उघडा म्हटलं की उघडायचे, मध्येच 'का?' विचारायचं नाही, हे त्यांचं कसब. नातवाने फोन पुढे धरला, आजोबांनी पापण्या मिचकावल्या, आणि नातू एका क्षणात एकविसाच्या पुढे गेला. बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या आरामखुर्चीसमोर रांग. आजोबांनीही मग मोबदला ठरवला : एका चेहऱ्याला स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा एक वडा, हिरव्या मिरचीसकट. (मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. पण घरात हे कोणाला कळायचं नाही, ही व्यवहाराची दुसरी अट.) आता यंत्राच्या हिशेबी आमच्या विंगमध्ये सगळीकडे एकच म्हातारा राहतो आणि तो रात्री अकरापर्यंत डायनासोर पाळतो.

गंमत इथवर ठीक आहे. पण घडलं काय ते बघा. मोठ्यांपासून लांब ठेवण्यासाठी ज्या मुलांचा चेहरा मागितला, तीच मुलं आजोबांचा चेहरा लावून थेट मोठ्यांच्या कोठीत जाऊन बसली. आपल्या वर्गमित्राशी बोलता येत नाही, पण कुठल्यातरी पस्तिशीतल्या अनोळखी बाप्याशी बोलता येतं. वाघाच्या भीतीने पिंजरा आणला आणि पोरं आतल्या बाजूला, वाघापाशी सोडली.

हे दुखणं आजचं नाही. सेकंड लाइफ नावाचं एक आभासी जग २००३ साली सुरू झालं. तिथे मोठी माणसं खरे डॉलर मोजून खोट्या जमिनी घ्यायची. ज्याने सिडकोच्या घरांच्या सोडतीचा अर्ज एकदा भरला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. २००७मध्ये तिथल्या लिंडन लॅब या मालक कंपनीने वयपडताळणी आणायची ठरवली. प्रौढांच्या भागात जायचं तर पासपोर्टचा किंवा वाहन परवान्याचा क्रमांक, अमेरिकन असाल तर सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. हे तपासण्याचं काम ज्या कंपनीला दिलं तिचं नाव ॲरिस्टॉटल. नाव तत्त्ववेत्त्याचं आणि मूळचा धंदा निवडणुकांच्या उमेदवारांना मतदारांची माहिती पुरवण्याचा. सेकंड लाइफमध्ये लोक कोल्हा होऊन, पंख लावून, बाईचे बाप्या होऊन फिरत होते. आपण कोण आहोत हे कोणाला कळू नये यासाठीच तर ते तिथे आले होते. त्यांना म्हणे, पंख राहू द्या, पण पासपोर्ट दाखवा. बोंब झाली, व्हायचीच.

अठरा वर्षांनी, जुलै २०२५मध्ये, ब्रिटनने ऑनलाइन सुरक्षेचा कायदा अंमलात आणून प्रौढांसाठीच्या मजकुराला वयाची तपासणी सक्तीची केली. डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या अड्ड्यावरही चेहरा मागू लागले. तिथल्या हुशार पोरांनी काय करावं? 'डेथ स्ट्रँडिंग' या खेळातलं नायकाचं पात्र नॉर्मन रीडस या नटावर बेतलेलं आहे आणि त्या खेळात पात्राचे फोटो काढायची सोय आहे. पोरांनी पडद्यावर ते पात्र उभं केलं, त्याला तोंड उघडायला लावलं, आणि कॅमेरा त्याच्यासमोर धरला. यंत्राने सांगितलं, प्रौढ आहे, जाऊ द्या. आभासी जगात शिरायला आभासी माणसाने जामीन राहिल्याचा हा पहिलाच दाखला असावा.

आणि जी सरळमार्गी माणसं होती, त्यांचं काय झालं? यंत्राने ज्यांचं वय चुकवलं त्यांनी सभ्यपणे दाद मागितली. दाद मागताना सरकारी ओळखपत्राचा फोटो जोडला. तो फोटो डिस्कॉर्डच्या ग्राहकसेवेचं काम बघणाऱ्या बाहेरच्या एका कंपनीकडे पडून राहिला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये उघड झालं की सुमारे ७० हजार जणांची ओळखपत्रं चोरांच्या हाती लागली असावीत. म्हणजे खेळातला पुतळा पुढे करणारा सुखरूप, आणि खरं ओळखपत्र देणारा उघड्यावर. आपल्याकडे रांगेत शेवटपर्यंत उभं राहणाऱ्याच्या वाट्याला जे येतं तेच.

आता आपल्या कायद्याकडे वळू. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायमूर्ती, आणि याचिका दाखल केली तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं. आमच्या आजोबांनाही मी हे सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना वडे आवडत नसतील." पुढे २०२३च्या ऑगस्टात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५च्या मध्यावर, नेमके बालदिनाच्या आसपास आले. अठरा वर्षांखालील प्रत्येकजण मूल. मुलाची माहिती घ्यायची तर आईबापाची पडताळून घेतलेली संमती हवी. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती चिकटवायच्या नाहीत. हे शेवटचं कलम सोन्याचं आहे, त्याबद्दल कायदा करणाऱ्यांना माझ्यातर्फेही एक वडा. मुलांबाबतची ही बंधनं मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत. कंपन्यांना तयारीला अठरा महिने दिले आहेत, म्हणजे खरी धमाल मे २०२७मध्ये.

नियमांत समजावून सांगण्यासाठी चार उदाहरणं दिली आहेत. पहिल्यात मूल कंपनीला सांगतं की मी मूल आहे. दुसऱ्यातही मूल सांगतं की मी मूल आहे. तिसऱ्या आणि चौथ्यात आई किंवा बाप स्वतःहून पुढे येऊन सांगतात की हे माझं मूल. चारही उदाहरणांतलं घर इतकं गुणी आहे की त्यांना सोसायटीत भाड्याने जागा द्यावी, अनामतही न घेता. मूल सरळ 'जन्मसाल १९९०' असं ठोकून देतं, हे पाचवं उदाहरण लिहायचं राहून गेलं आहे. दिल्लीच्या बसमध्ये अर्धं तिकीट नसावं.

पाचव्या उदाहरणाला उत्तर एकच : मूल कोण हे ओळखायचं तर मूल कोण नाही हेही ओळखावं लागणार. म्हणजे सगळ्यांना विचारा. सातवीतल्या पोरासाठी सत्तरीतल्या आजोबांनीही कागद काढायचे. शिवाय अठरा म्हणजे अठरा. आमच्याकडे नेरूळ-खारघरला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची जी मुलं सांगली-साताऱ्याहून येतात त्यांतली कितीतरी साडेसतराची असतात. सोळाव्या वर्षी त्यांना पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळतो. पाम बीच रोडवर ती चालवायला कायद्याची ना नाही, पण आभासी गाडी चालवायला सांगलीहून वडिलांची संमती. वडील शेतावर असले तर रेंज नाही.

संमती घेण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे : ओटीपी. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली आणि पुढच्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय असं सुधारलेलं नाव लावून परत आला. येताना शिस्त घेऊन आला. अठराखालच्यांना पालकाच्या मोबाईलवरचा ओटीपी, दिवसाला तीनच तास, खर्चाची मर्यादा दिवसाला सात हजार रुपये. (दिवसाला सात हजार ही मुलांसाठी मर्यादा! आमच्या घरी ही मर्यादा मोठ्यांनाही परवडणारी नाही.) पण पालकाचा मोबाईल म्हणजे कुठला? ओटीपी आईच्या फोनवर येतो आणि आईचा फोन पोराच्या हातात असतो. ओटीपी आल्याचं आईला कळतं ते पोराने तो वाचून दाखवला तर. आमच्या विंगमध्ये तर नेटबँकिंगसुद्धा आठवीतल्या मुलीच चालवतात. संमती कोणी कोणाची घ्यायची, हे एकदा स्पष्ट व्हायला हवं.

नवी मुंबईकरांना खासगीपणाची चाड नाही असं मात्र कोणी म्हणू नये. चाड आहे, फक्त ती पडद्यांपुरती आहे. समोरच्या विंगमधून दिसू नये म्हणून आम्ही खिडकीला काळी फिल्म लावतो. आणि खाली उतरून गेटवरच्या वहीत पाहुण्याचं नाव, मोबाईल, गाडीचा क्रमांक, कोणाकडे आणि कशासाठी हे सगळं सुवाच्य लिहितो. ती वही दोरीने बांधलेल्या पेनासह दिवसभर उघडी असते. कोणाकडे कोण किती वाजता आलं हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने आपली नोंद करण्याच्या निमित्ताने मागची चार पानं चाळावीत. आता वहीच्या जोडीला ॲप आलं आहे. त्यामुळे तेच सगळं फोटोसकट.

स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तुम्ही गेलाच असाल. रंगीत प्रिंट पाहिजे म्हटलं की पोऱ्या मान न वळवता नंबर सांगतो, "याच्यावर व्हॉट्सॲप करा." आपण आधार पाठवतो. तो संगणकावर उघडतो. पडद्यावर फायलींची रांग : आधार, आधार नवीन, आधार फायनल, पप्पा पॅन, मम्मी आधार मागची बाजू, कोणाचा तरी भाडेकरार, कोणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट. आपलं नेमकं कोणतं ते शोधायला तो दोनतीन उघडून बघतो, आपणही बघतो. "हे तुमचं का?" "नाही, यांची साखर जास्त आहे." प्रिंट मिळते, दहा रुपये देतो, फाईल तिथेच. कोणीही कधी म्हणत नाही, पुसून टाक. मी एकदा म्हटलं, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला, आणि मागची बाई मला म्हणाली, "चला ना हो, लोकल चुकेल."

सरकारलाही यातली गोम ठाऊक आहे. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं : आधारची प्रत कुठेही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार द्या. देशभर झेरॉक्सच्या दुकानांवरून शहारा गेला. २९ मे रोजी ते पत्रक मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. त्याऐवजी सांगितलं की नेहमीची सावधगिरी बाळगा. आमची नेहमीची सावधगिरी म्हणजे प्रतीवर सही करून तारीख घालणे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या कमिटीने ठराव केला की घसरगुंडी आणि झोपाळा फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. झोपाळ्यावर कॉलेजची मुलं बसतात, साखळी तुटते, हे कारण रास्त होतं. पडताळणीसाठी सेक्रेटरींनी मुलांची आधार कार्डं मागवली, आणि सोय म्हणून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायला सांगितली. त्या ग्रुपवर सगळे फ्लॅटधारक, सोडून गेलेले भाडेकरू, दोन इस्टेट एजंट, दूधवाला आणि एक लिफ्टवाला आहे. रात्रीपर्यंत सगळ्या विंगमधल्या मुलांची कार्डं ग्रुपवर. नाव, फोटो, पत्ता, जन्मतारीख. एकाही आईबापाने विचारलं नाही की झोपाळ्याला माझ्या मुलीचा बारा आकडी क्रमांक कशाला? उलट कोणाच्या तरी लक्षात आलं की तिसऱ्या मजल्यावरच्या छोटीचा उद्या वाढदिवस आहे, आणि शुभेच्छांच्या केकखाली बाकीची कार्डं वर सरकून गेली. इस्टेट एजंटने पहिली शुभेच्छा दिली.

ही सगळी माहिती शेवटी जाते कुठे? त्यातली बरीचशी आमच्याच गावात येत असेल. ऐरोली, रबाळे, महापे या एमआयडीसीच्या पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटरं उभी राहिली आहेत, पनवेलला २०२०मध्ये योट्टाचं अवाढव्य केंद्र सुरू झालं. मोठ्या मोठ्या इमारती, खिडक्या जवळजवळ नाहीत, आत माणसं कमी आणि थंडावा जास्त. पूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना नाकाला कळायचं की कोणत्या कारखान्यात काय शिजतंय. कोपरखैरण्याच्या लोकांनी त्या वासावरून किती तक्रारी केल्या! डेटाला वास नाही, म्हणून तक्रार नाही. वास असता तर महापालिकेत मोर्चा गेला असता.

उपाय नाही असंही नाही. नव्या नियमांतच एक सोय आहे. डिजिलॉकरसारख्या अधिकृत ठिकाणाहून एक आभासी टोकन घ्यायचं, आणि समोरच्या कंपनीला ते टोकन दाखवायचं. कंपनीला जन्मतारीख नको, पत्ता नको, चेहरा नको, अठराच्या वर आहे की नाही एवढंच कळावं. हे मला मनापासून पटतं, कारण हे त्या एसटीच्या कंडक्टरच्या सर्वांत जवळ जातं. फक्त अट एक : टोकन देणाऱ्यानेही कोणी, कोणत्या दारात, किती वाजता दाखवलं याची वही ठेवायची नाही. दोरीने बांधलेलं पेन असलेली तर मुळीच नाही. असं कोणी करेल का? सरकारं आणि कंपन्या दोघांनाही विसरण्याची सवय फक्त आश्वासनांच्या बाबतीत आहे.

आमच्या विंगमधली एक आठवीतली मुलगी मात्र वेगळी निघाली. तिने ना स्वतःचा चेहरा दिला, ना आजोबांचा घेतला. "का गं?" विचारलं तर म्हणाली, "माझा फोटो पप्पांच्या स्टेटसवर लागतो तेवढा पुरे आहे." मग खेळात तिच्या गप्पा बंद. टाइप केलं तर काही उमटत नाही. पण बांधकामाला बंदी नाही. तेव्हा ती खेळातल्या मैदानात ठोकळे रचून अक्षरं उभी करते, आणि तिची मैत्रीण हवेत उडून वरून वाचते. मराठीत. शिरोरेषा सोपी जाते, सरळ भिंत बांधली की झाली. वेलांट्या मात्र फार ठोकळे खातात, आणि जोडाक्षराला तर तिसरा मजला चढवावा लागतो. परवा तिने 'उद्या गणिताची चाचणी आहे का' एवढं विचारायला सहा वाजता पाया घातला. आठ वाजले तरी ती 'चाचणी'च्या दुसऱ्या चवर अडकलेली. तेवढ्यात घरातला इंटरकॉम वाजला. वरच्या मजल्यावरून मैत्रिणीची आई विचारत होती, की यांनी मैदानात मघापासून 'गणिताची चा' असं काय लिहून ठेवलंय, कोणाला चहा हवाय का, आणि हो, उद्या चाचणी आहे म्हणावं.